प्राथमिक शाळेत बाग आणि निसर्ग मंडळ कसं चालवावं : बडोद्याच्या शाळांसाठी

शाळेत बाग लावणं सोपं आहे, ती दिवाळीच्या सुट्टीपलीकडे टिकवणं अवघड. बडोद्यात शाळा जूनमध्ये उघडतात, पावसाच्या दोन सरी पडल्या की वृक्षारोपण होतं, पाहुणे येतात, फोटो निघतात. पुढे दिवाळीला तीन आठवडे शाळेला कुलूप लागतं आणि उघडून बघावं तर कुंड्यांमध्ये नुसत्या काड्या. मुलं हे सगळं बघत असतात. झाड लावायचं असतं, पण त्याच्याकडे परत जायचं नसतं, असं ती शिकतात. ही शिकवण पुसायला फार वेळ लागतो.

म्हणून मी जे मंडळ सुचवते आहे, ते एका प्रश्नाभोवती उभं करा : आपण लावलं ते खायला कोण आलं? भेंडीच्या पानाला भोक पडलं, शेवग्याच्या फुलावर चिमुकला पक्षी आला, कढीपत्त्याचा शेंडा एका रात्रीत गायब झाला, की मुलांनी शोध घ्यायचा. हा प्रश्न धरला की बाग आणि प्राणी-पक्षी अशी दोन वेगळी मंडळं लागत नाहीत. शिवाय मुलांना रोज परत येण्याचं कारण मिळतं. पाणी घालण्याचा कंटाळा येतो, तपासाचा येत नाही.

पायरी १ : माणसं जमवा

पहिली भेट आचार्यांची. त्यांच्याकडे अख्ख्या बागेची योजना घेऊन जाऊ नका. एक कोपरा, आठवड्याचा एक तास आणि नळाची किल्ली, एवढंच मागा. शाळेत इको क्लब कागदावर असतोच, त्याच्याखाली हे काम बसवलं तर परवानगीचा आणि थोड्याफार खर्चाचा प्रश्न सुटतो. मध्यान्ह भोजनाच्या शाळांमध्ये परसबागेला सरकारी योजनेतही जागा आहे, तेही बोलून घ्या. शाळा व्यवस्थापन समितीत पालक असतात, त्यांच्यातला कुणी शेतीची पार्श्वभूमी असलेला निघाला तर त्याला सोडू नका. शहरात येऊन दोन पिढ्या झालेल्या घरातही एखाद्या आजीला बी कधी टाकायचं ते बिनचूक ठाऊक असतं.

मोठी माणसं किमान दोन हवीत, म्हणजे एक आजारी पडली तरी मंडळ बंद पडत नाही. मुलं वीस-पंचवीसच्या वर घेऊ नका. तिसरी ते पाचवीचं वय या कामाला उत्तम असतं. हात पुरेसे मोठे आणि उत्सुकता अजून शाबूत. सहावी-सातवीची दोन-तीन मुलं गटप्रमुख म्हणून घ्या. वेळ शनिवारची ठेवा, सकाळची शाळा असते आणि ऊन चढायच्या आत काम उरकतं.

आणि शिपाईकाकांना पहिल्या दिवसापासून मंडळात घ्या. पाण्याची टाकी, कुलूप, उंदीर, भटकी कुत्री, सगळं त्यांनाच माहीत असतं. त्यांच्या पाठीमागे सुरू झालेली बाग त्यांच्यासाठी फक्त वाढीव झाडलोट ठरते.

एक अट आधीच सगळ्यांना सांगून टाका : बागेतलं काम शिक्षा म्हणून कुणालाही द्यायचं नाही. गृहपाठ केला नाही म्हणून गवत उपटायला लावलेलं मूल पुन्हा मनापासून मातीत हात घालणार नाही. झाडू, पाणी, खत ही कामं पाळीपाळीने सगळ्यांची, मुलगा-मुलगी भेद न करता.

पायरी २ : महिनाभर खणू नका, बघा

जूनमध्ये मुलांचे हात शिवशिवत असतात, तरी पहिले तीन-चार शनिवार फक्त आवाराचा नकाशा करण्यात घालवा. मोठ्या कार्डशीटवर इमारत, भिंत, नळ, झाडं. मग मुलं तीन वेळा हिंडून खुणा करतात : शाळा भरताना ऊन कुठे, मधल्या सुट्टीत कुठे, सुटताना कुठे. भाजीला सहा तास ऊन हवं, त्यामुळे वाफ्यांची जागा नकाशाच दाखवतो. पहिल्या मोठ्या पावसानंतर पाणी कुठे साचलं, तेही निळ्या खडूने रंगवायचं.

त्याच नकाशावर आधीपासून राहणारे नोंदवा. निंबावरची खार, गच्चीच्या पाइपात घर केलेली साळुंकी, कुंपणावरचा सरडा, पायरीच्या फटीतले मुंगळे. मागची अडगळ, जिथे गवत वाढलंय आणि दोन विटा पडल्यात, ती साफ करायचा मोह होईल. तिचा एक भाग तसाच राहू द्या. गोगलगाय, बेडूक आणि कोळी तिथूनच बागेत येतात. ही जागा वर्गांपासून दूर हवी आणि तिच्यात मुलांनी शिरायचं नाही, बाहेरून बघायचं.

आवारात कोनोकार्पसची गर्द हिरवी रांग असेल तर ती नकाशावर वेगळ्या रंगाने दाखवा. झटपट वाढतो म्हणून शहरभर लावलेल्या या झाडाची लागवड गुजरात सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये थांबवली. त्याच्या फांदीवर आणि शेजारच्या निंबाच्या फांदीवर किती प्रकारचे किडे, पक्षी दिसतात, ते मुलांना दहा-दहा मिनिटं मोजायला लावा. भाषण द्यावं लागत नाही.

पायरी ३ : वाफे

वाफ्याची रुंदी तीन फुटांपेक्षा जास्त नको. तिसरीतल्या मुलाचा हात कडेवरून दीड फूट पोचतो, दोन्ही बाजूंनी मिळून तीन. चार फुटांचा वाफा केला की मुलं मध्ये पाय टाकणार आणि माती दाबली जाणार. लांबी जागेप्रमाणे, दोन वाफ्यांमध्ये दीड फुटाची वाट.

बडोद्याच्या आसपास माती दोन तऱ्हेची मिळते. गोराडू असेल तर नशीब, भुसभुशीत असते, फक्त शेणखत भरपूर मिसळा. काळी असेल तर पावसाळ्यात पाणी धरून मुळं कुजवते, म्हणून वाफा जमिनीपासून आठ-नऊ इंच उंच करा. बांधकामाचा राडारोडा असलेल्या आवारात खणत बसू नका, वरून विटांची चौकट करून माती भरा. जमीनच नसेल तर तेलाचे पंधरा किलोचे रिकामे डबे, फळांचे क्रेट, सिमेंटची धुतलेली पोती चालतात. तळाला भोकं पाडा, डब्याच्या कडा पक्कडीने आत वळवा.

अवजारं मोजकी : खुरपी, दोन-तीन लिटरच्या झाऱ्या, एक फावडं, आणि फावडं मोठ्यांच्याच हातात.

पायरी ४ : काय लावायचं आणि कधी

इथे शाळेच्या सुट्ट्या आणि ऋतू एकमेकांवर ठेवून बघावे लागतात. शेतकऱ्याचं वेळापत्रक जसंच्या तसं शाळेला चालत नाही.

पावसाळी भाजी जुलैच्या सुरुवातीला, दुसरा चांगला पाऊस झाल्यावर : भेंडी, गवार, चवळी, आणि कुंपणावर दोडका. भेंडी दीड महिन्यात तोडायला येते आणि दिवाळीपर्यंत देत राहते, म्हणजे सुट्टी लागेस्तोवर तिचं काम झालेलं असतं. तिचं फूल मोठं आणि पिवळं असतं, मुलांना फुलाचं फळ होताना रोज दिसतं. भेंडीची लव खाजवते, तोडणाऱ्याने पूर्ण बाह्यांचा शर्ट घालावा. कुंपणाची एक बाजू वालपापडीला ठेवा. ती हळू वाढते, पण थंडीत शेंगा देते. उत्तरायणाला उंधियूत घालायला शाळेच्या वेलावरची चार मुठी पापडी घरी गेली की पालक आपणहून विचारायला येतात, आमचा काही उपयोग आहे का.

दिवाळीची सुट्टी संपली की लगेच मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा. नव्याने मंडळ सुरू करणाऱ्याने खरं तर नोव्हेंबरलाच सुरुवात करावी, असं माझं मत आहे. पावसाळ्यातलं तण नाही, चिखल नाही, आणि मेथी तीन-चार दिवसांत उगवून महिन्याभरात कापायला येते. लहान मुलांना एवढाच धीर असतो. कोथिंबिरीचे धणे हाताने चोळून दुभंगून टाका, ते आठ-दहा दिवस घेतात. तोवर 'उगवलंच नाही' म्हणून मुलं माती उकरतात, त्यांना आधीच सांगून ठेवा.

उन्हाळ्यात काहीही नवं पेरू नका.

आता पाहुण्यांसाठीची झाडं. यांच्यासाठी जागा कमी पडत असेल तर भाजीचा एक वाफा कमी करा. तुळस आणि झेंडू मधमाश्यांसाठी, जास्वंद आणि शेवगा शिंजीर पक्ष्यासाठी, बाजरीची मूठभर पेर मुनियांसाठी आणि चिमण्यांसाठी. आणि कढीपत्ता व लिंबू, हे तर हवेतच.

कढीपत्त्याची तीन रोपं लावा आणि त्यातलं एक अळ्यांचं, असं मुलांसमोर जाहीर करा. पावसाळ्यात काळं फुलपाखरू कोवळ्या पानांभोवती घुटमळताना दिसेल. ते गेल्यावर पान उलटसुलट करून बघायचं, मोहरीपेक्षा लहान फिकट पिवळं अंडं सापडतं. त्यातून निघालेली अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, काळपट आणि मध्ये पांढरा पट्टा. मुलं म्हणतात ही घाण आहे, आणि पक्षीही तेच समजतात, म्हणून ती वाचते. मोठी होताना ती कात टाकत टाकत शेवटी हिरवीगार होते. काडीने हळूच टोचलं तर डोक्यामागून लालसर दुहेरी शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. हे एकदाच दाखवा, रोज कुणी टोचू नये. अंड्यापासून फुलपाखरापर्यंत साधारण महिना लागतो, म्हणजे चार-पाच शनिवारांत संपूर्ण गोष्ट डोळ्यांसमोर घडते. प्रत्येक शनिवारी त्याच अळीचं चित्र आणि पट्टीने मोजलेली लांबी. विज्ञानाच्या पुस्तकात जीवनचक्राचा धडा येईल तेव्हा ही मुलं बाईंनाच चार गोष्टी सांगतील.

अळ्या बाटलीत भरून वर्गात आणायला बहुतेक मुलांना आवडतं. मी विरोध करते. बाटलीत त्या गुदमरतात किंवा उपाशी मरतात, आणि रोपावर असताना बऱ्याच अळ्यांना गांधीलमाशी किंवा बुलबुल उचलतो हे बघायचं राहून जातं. तेही बघायला हवं.

कुंपणाबाहेर रुई असेल तर तोडू नका. तिच्यावर काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी येते, उघड्यावर बिनधास्त बसते, कारण रुईचं विष तिच्या अंगात असतं. पण रुईचा चीक डोळ्याला घातक आहे, तेव्हा पानं हाताळायची मोठ्यांनीच. कण्हेर, धोतरा, एरंड आणि गुंज शाळेत लावू नका. असतील तर मुलांना ओळखायला शिकवा, बिया तोंडात घालायच्या नाहीत हे पुन्हा पुन्हा सांगा.

पायरी ५ : कीड पडली तर

चवळीच्या शेंड्यावर काळा मावा धरणारच. कुणीतरी पालक फवाऱ्याचा डबा घेऊन येतील, त्यांना प्रेमाने थांबवा. मावा धरल्यावर काही दिवसांत ढालकिडे येतात. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा मुलं ओळखतात, त्याची पिल्लं मात्र कुणी ओळखत नाही आणि चिरडून टाकतं. ती लांबट, काळी-नारिंगी, खरबरीत असतात, विश्वामित्री नदीतल्या मगरीला नखाएवढं केलं तर जशी दिसेल तशी. बडोद्याच्या मुलांना एवढं सांगितलं की पुरतं. एक पिल्लू दिवसभरात कितीतरी मावा फस्त करतं. बसून मोजायला लावा.

दोन आठवडे वाट बघूनही रोप खचत असेल तर पाण्याचा जोराचा फवारा मारा. त्यानेही भागलं नाही तर एक लिटर पाण्यात पाच मिलिलिटर कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे चार थेंब, संध्याकाळी, फक्त त्या शेंड्यावर. रासायनिक औषध शाळेच्या आवारात येताच कामा नये. मुलं मेथी न धुता तोंडात टाकतात, हे एक कारण. दुसरं, चिमणी स्वतः दाणे खात असली तरी पिल्लांना किडे आणि अळ्या भरवते. अळ्या संपवून भिंतीवर चिमणीचं घरटं टांगायचं, याला अर्थ नाही.

पायरी ६ : पाणी, घरटी, वही

मातीचं पसरट भांडं, दोन इंचांपेक्षा खोल नको, आत एक खडबडीत दगड, म्हणजे मधमाशी पडली तरी चढून येईल. दर दोन दिवसांनी घासून पाणी बदला. डासांना अंड्यापासून उडेपर्यंत आठवडाभर तरी लागतो, त्यामुळे एवढ्याने डास होत नाहीत. महापालिकेचे लोक तपासायला आले तर मुलांनाच हे समजावून सांगू द्या.

चिमणीच्या खोक्याचं भोक सव्वा इंचाचं, उंची मांजर पोचणार नाही इतकी, आणि दुपारचं ऊन थेट लागणार नाही अशी भिंत. एकदा टांगल्यावर आत डोकावायचं नाही.

वहीवर मात्र मी सगळ्यात जास्त भर देईन. एक जाड रजिस्टर, शाळेचं. रकाने पाच : तारीख, हवा, काय दिसलं, काय करत होतं, कुणी पाहिलं. 'काय करत होतं' हा रकाना रिकामा सोडायचा नाही. 'बुलबुल' एवढीच नोंद मेलेली असते, 'बुलबुल पिकलेली मिरची खात होता' ही जिवंत. नाव मराठीत येवो, गुजरातीत येवो, हिंदीत येवो, लिहू द्या. नाव माहीत नसेल तर चित्र काढा. नाव सांगायची घाई मोठ्यांनी करू नये. दयाळ, शिंपी, तांबट, वेडा राघू, भारद्वाज, काळा शराटी, टिटवी हे शहरात दिसणारे पक्षी वर्षभरात वहीत आपोआप येतात.

वही भरत गेली की ती बाहेरही उपयोगी पडते. फेब्रुवारीत चार दिवस जगभर परसातले पक्षी मोजण्याचा उपक्रम असतो. कमीत कमी पंधरा मिनिटं एका जागी मोजायचं आणि ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवायचं, नोंद शिक्षकांच्या खात्यावरून करा. झाडांसाठी सीझनवॉच नावाचा देशव्यापी उपक्रम आहे, त्यात एकच झाड वर्षभर दर आठवड्याला बघतात : नवी पानं, फुलं, फळं. शाळेतला निंब त्याला पुरेसा आहे.

वर्षातून एक सहल काढा. १८७९ मध्ये घातलेल्या सयाजीबागेत जुनी मोठी झाडं आहेत, सकाळी लवकर गेलात तर दोन तासांत भरपूर दिसतं. प्राणिसंग्रहालयाकडे ओढ असते, ते शेवटी ठेवा. बस मिळत असेल तर डिसेंबर-जानेवारीत डभोईजवळचा वढवाणा तलाव. गायकवाडी काळात सिंचनासाठी बांधलेला हा तलाव २०२१ पासून रामसर स्थळांच्या, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत आहे. हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब हंस तिथे थव्याने बसलेले दिसतात.

पायरी ७ : पाचोळा

जाळू नका. तीन फूट लांब-रुंद विटांची चौकट, विटांमध्ये फटी. तीन भाग सुका पाचोळा, एक भाग भाज्यांची सालं, वर शेणाचं पाणी किंवा आंबट ताक. शिजलेलं उरलेलं अन्न घालू नका, उंदीर येतात. पंधरा दिवसांनी वरखाली करा. दोन-तीन महिन्यांत खत.

पायरी ८ : सुरक्षा

विश्वामित्रीच्या काठावर मुलांना नेऊ नका, कितीही आग्रह झाला तरी. मगरी बघायच्या तर प्राणिसंग्रहालयात. नदीजवळच्या शाळांनी पुरानंतर विशेष काळजी घ्यावी. ऑगस्ट २०२४ च्या पुरात मगरी सोसायट्यांमध्ये शिरल्या होत्या. पाणी ओसरल्यावर आधी मोठ्यांनी आवार, गटारं, खताची चौकट, अडगळ तपासायची, मग मुलं. मगर असो की साप, हात लावायचा नाही, दगड मारायचा नाही, वनखात्याला कळवायचं. शाळेत सापडणारा साप बहुधा उंदरांमागे आलेली धामण असते, पण ते ठरवणं तज्ज्ञाचं काम. विटा आणि कुंड्या नुसत्या हाताने उचलायच्या नाहीत, खाली विंचू असतो. काम झालं की साबणाने हात.

उत्तरायण झाल्यावरच्या पहिल्या शनिवारी मांजा गोळा करण्याचं काम ठेवा. झाडावर अडकलेला मांजा महिनोन्महिने पक्ष्यांचे पंख कापत राहतो. उंचावरचा मोठ्यांनी बांबूने काढायचा, जमिनीवरचा मुलांनी हातमोजे घालून, आणि कात्रीने बारीक तुकडे करूनच टाकायचा. पक्षी जखमी सापडला तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात ठेवा. चोचीत पाणी ओतू नका. १९६२ या पशु-पक्षी मदतक्रमांकावर फोन करा. त्या दिवसांत जखमी पक्षी वाचवण्यासाठी राज्य सरकारचं करुणा अभियानही चालू असतं.

कुठल्याशा घरात पिंजऱ्यातला पोपट असतोच. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो पाळता येत नाही. हे मुलांच्या पालकांना सांगा, शांतपणे, मुलाला वर्गासमोर अवघडवून टाकू नका.

पायरी ९ : सुट्ट्या

सुट्टीच्या एक महिना आधी पाण्याचा तक्ता लावा. शाळेपासून चालत येऊ शकणारी पाच-सहा घरं निवडा, प्रत्येकाला ठरावीक दिवस द्या, किल्ली शिपाईकाकांकडे. सुट्टीत जी भाजी निघेल ती पाणी घालणाऱ्याची, हा नियम तक्त्यावरच लिहा. पाणी वाचवायला पाणी झिरपणारी मातीची मडकी गळ्यापर्यंत मातीत पुरून भरून ठेवा आणि तोंडावर झाकण ठेवा. बाजूला हळूहळू पाझर होत राहतो, दिवाळीत चार दिवसांतून एकदा भरलं तरी निभतं. वर तीन-चार इंच पाचोळा पसरा.

उन्हाळ्याच्या पाच आठवड्यांत भाजी जगवण्याचा हट्ट नको. कढीपत्ता, लिंबू, शेवगा आणि पक्ष्यांचं पाणी, एवढ्यालाच तक्ता लावा. वाफे पाचोळ्याखाली झोपू द्या.

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी बियांचा हिशोब. दिवाळीआधी भेंडीच्या चार शेंगा झाडावरच वाळू दिलेल्या असतील, त्यातल्या बिया, वालाच्या बिया, मेथीच्या शेवटच्या वाफ्यातलं बी, सगळं सावलीत सुकवून निंबाच्या वाळक्या पानांसोबत काचेच्या बाटलीत भरा. चिठ्ठीवर भाजीचं नाव, महिना आणि बी जमवणाऱ्या मुलाचं नाव. बाटल्या आणि रजिस्टर शाळेच्या कपाटात ठेवा, कुणाच्या घरी नाही. शिक्षकांची बदली होते, पालक घर बदलतात, कपाट जागेवर राहतं. जूनमध्ये नव्या मुलांना आधी मागच्या जूनची पानं वाचायला द्या, आणि पहिल्या दिवसाचा तपास त्यातूनच निघू द्या : साळुंकी अजून त्याच पाइपात आहे का?